खाऱ्या वाऱ्यातली लोखंडी नक्षी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज भरकटत येऊन रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला लागलं. ते लवकर निघालं नाही. पुढची काही वर्षं भरती-ओहोटी अंगावर घेत ते तिथेच पडून राहिलं. जहाजाचा पत्रा जाड असतो, त्यावरचा रंग खास समुद्रासाठी बनवलेला असतो. पण देखभाल थांबली की खाऱ्या पाण्यापुढे त्याचा पाड लागत नाही. समुद्र लोखंडाचं काय करतो, याचं उघड्यावरचं प्रात्यक्षिकच रत्नागिरीकरांनी त्या काळात पाहिलं.

जहाज निदान पाण्यात तरी होतं. पण त्याच समुद्रावरचा वारा मांडवीवरून, राजिवड्यावरून शहरात शिरतो आणि मारुती मंदिर, शिवाजीनगर, नाचण्यापर्यंतच्या बंगल्यांच्या गेटांवर, सज्जांच्या कठड्यांवर, खिडक्यांच्या ग्रिलवर मिठाचा अदृश्य हात फिरवून जातो. नव्या घराच्या गेटावर कमळं असतात, वेली असतात, वर भाल्यांची रांग असते. वास्तुशांतीच्या दिवशी ते काळंभोर आणि सोनेरी झळकतं. पहिला पावसाळा सरला की कमळाच्या पाकळीखालून एक तपकिरी ओघळ उतरतो. दुसऱ्या वर्षी तो रुंदावतो. सरळ गजांवर तो क्वचितच आधी दिसतो. तो सुरू होतो नक्षीपासून. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर ही नक्षी कोकणात आली कुठून, इथपासून सुरुवात करावी लागते.

लोखंड कोकणाला परकं नव्हतं. रत्नागिरीच्या पायाखालचा जांभा दगड तांबडा दिसतो तोच मुळी लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ खडकातली बाकीची द्रव्यं धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. तो चिरा खाणीतून निघताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवेवर कडक होत जातो. दक्षिणेला वेंगुर्ल्याजवळ रेडीला लोहखनिजाच्या खाणीच आहेत. मालवणच्या परिसरात पूर्वी खनिज वितळवून लोखंड काढत. घाटमाथ्यावर महाबळेश्वरच्या जंगलात धावड लोक हेच काम करत. त्यासाठी कोळसा लागे आणि कोळशासाठी झाडं. इंग्रजी अमलात जंगलांवर निर्बंध आले, बंदरांत विलायतेचं स्वस्त लोखंड उतरू लागलं आणि या भट्ट्या विझल्या.

गावचा लोहार मात्र राहिला. बारा बलुतेदारांत त्याचा मान होता. नांगराचा फाळ, कोयता, विळा, खुरपं, बैलगाडीच्या चाकाची धाव हे त्याचं काम. भाता, ऐरण, घण, सांडशी एवढ्या साधनांवर त्याचा संसार चाले. गावोगाव फिरणारी घिसाडी कुटुंबं तर सगळी कार्यशाळा गाडीत घालून हिंडत; बाई घण मारी, पुरुष सांडशीत लोखंड धरी. या कामात शोभेला फार जागा नव्हती, पण जिथे मिळाली तिथे लोहारानं ती सोडली नाही. कोकणातल्या विळीच्या टोकाला खोवणीचं दातेरी फूल असतं, ते नारळ खोवायला असतंच, पण त्याची पानासारखी वळवलेली मान नुसत्या गरजेतून आलेली नाही. अडकित्त्याचं तसंच. सुपारीच्या मुलखात अडकित्ता रोजचा; त्याच्या दांड्यांना पोपट, मोर, घोडे, माणसांच्या जोड्या लाभल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला अडकित्त्यांचा संग्रह पाहिला, तर धातूकाम करणाऱ्याची कल्पनाशक्ती एका हातात मावणाऱ्या वस्तूत किती खेळली हे दिसतं.

घराच्या बांधणीत मात्र जुन्या कोकणी माणसानं लोखंड हात राखून वापरलं. खिडकीला लाकडी चौकट आणि त्यात उभे गज. दाराला कडी-कोयंडा, बिजागऱ्या, मोठ्या डोक्याचे खिळे. नक्षी करायची ती लाकडावर, खांबांवर, तुळयांच्या टोकांवर. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या ऐपत असेल तर पितळी. पितळेला हिरवट डाग पडतात, पण चिंचेनं घासलं की ते पुन्हा उजळतं; गंजलेलं लोखंड घासून परत येत नाही. समुद्राशेजारी पिढ्यान् पिढ्या राहून आलेली ही समज होती. देशावर लोखंडाचा थाट निराळा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर अणकुचीदार खिळे रांगांनी बसवलेले आहेत, हत्तीनं दाराला धडक देऊ नये म्हणून. हेतू संरक्षणाचा, पण त्या रांगांनीच आज त्या दाराचं रूप ठरतं. फाटकावरच्या आजच्या भाल्यांचं मूळ अशाच संरक्षणात आहे.

रत्नागिरीतली सर्वांत देखणी जुनी वास्तू म्हणजे थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला. इंग्रज सरकारनं बांधलेल्या या वाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. जांभ्या दगडाच्या आणि लाल रंगाच्या त्या वाड्यात नजर ठरते ती लाकूडकामावर आणि अर्धगोल खिडक्यांतल्या रंगीत काचांवर. लक्षात घेण्याजोगं हे की, त्या वेळी मुंबईत लोखंडी नक्षीला बहर येऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. मुंबईहून बोटीनं येऊ शकणाऱ्या या गावात राजवाड्याचं सौंदर्य तरीही लाकडावर आणि काचेवर उभं राहिलं, आणि शंभर वर्षांनंतरही ते टिकून आहे.

मुंबईतला तो बहर मात्र पाहण्यासारखा होता.

तिथे लोखंड दोन वाटांनी आलं. पहिली वाट तयार मालाची. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकात उभं राहिलं, तेव्हा त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये बनवून सुटा सुटा जहाजानं मुंबईत आणला आणि इथे जोडला. रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याची ती रचना. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला तो याच इमारतीत. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेनचा सॅरासेन कारखाना तर कॅटलॉग छापून जगभर माल पाठवी. गेट, कठडे, कारंजी, बाक, दिव्यांचे खांब, हवं ते पान उघडायचं आणि मागणी नोंदवायची. म्हैसूरच्या राजवाड्यातले खांब याच कारखान्याचे.

दुसरी वाट हातांची, आणि मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८६०च्या दशकात तिथे तीन कार्यशाळा उघडल्या: सजावटीचं चित्रकाम ग्रिफिथ्स यांच्याकडे, शिल्पकाम लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आणि घडीव लोखंडाची नक्षी हिगिन्स यांच्याकडे. म्हणजे चित्र आणि शिल्प यांच्या बरोबरीनं लोहारकामाला कलाशाळेत स्थान होतं. त्याचं फळ व्हिक्टोरिया टर्मिनसमध्ये, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये, डोळ्यांपुढे उभं आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. इमारतीतल्या लोखंडी-पितळी कठड्यांची, तिकीटखिडक्यांच्या जाळ्यांची, भव्य जिन्यांच्या कठड्यांची घडण या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्या घुमटाचे आणि दगडी प्राण्यांचे फोटो लाखो निघतात, जिन्याच्या कठड्याकडे मान वळवणारे थोडे. वळवली पाहिजे. तिथली पानं दगडातल्या पानांशी बोलतात, कारण दोन्ही कामं एकाच आराखड्याच्या शिस्तीत झाली.

रत्नागिरीचा या गोष्टीशी एक धागा असा, की मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आणि ज्यांच्या नावानं क्रॉफर्ड मार्केट ओळखलं गेलं ते आर्थर क्रॉफर्ड पुढे रत्नागिरीचे कलेक्टर होते. त्याच काळात रत्नागिरीत एक उद्योगशाळाही चालू झाली. सुतारकाम, लोहारकाम तिथे शिकवलं जाई. पण कोकणात लोखंडी नक्षी रुजवण्याचं खरं काम केलं चाकरमान्यानं. अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणगावात गेलेल्या माणसांची संख्या प्रचंड होती. चाळीच्या गॅलरीचे कठडे, जिन्याचे गज, स्टेशनची कमान, बागेतला बाक हे त्याच्या रोजच्या नजरेतलं. १९३०च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्कला आणि समुद्राकाठी मरीन ड्राइव्हला आर्ट डेको इमारती उठल्या. त्यांच्या ग्रिलमध्ये लाटा, उगवत्या सूर्याची किरणं, थिजलेली कारंजी आली. सरळ पट्ट्या आणि मोजकी वळणं, त्यामुळे ही नक्षी साध्या कारखान्यात बनू लागली आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. दक्षिणेकडून पणजीच्या फोंतेन्यससारख्या वस्त्यांतल्या पोर्तुगीज वळणाच्या लोखंडी सज्जांचा नमुना गोव्याला जाणारे-येणारे पाहतच होते. चाकरमान्यानं गावी घर बांधलं तेव्हा मुंबईत पाहिलेलं गेट त्याला आपल्या दारात हवं होतं. त्यात मिरवण्याचा भाग होता, तसा मुंबईतल्या कष्टांचं दृश्य फळ गावाला दाखवण्याचाही होता. तो भाग खरा आणि मोलाचा.

घरातल्या सामानातही लोखंड याच सुमारास शिरलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांपासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे तिथे लोखंडी फर्निचरही तयार होऊ लागलं. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरू केलेल्या कारखान्यानं १९२३ पासून पोलादी कपाटं बनवली. ‘गोदरेजचं कपाट’ मुलीच्या लग्नात द्यायची वस्तू ठरलं. या फर्निचरचा डौल निराळा होता: नक्षी जवळजवळ नाही, पण पत्र्याची घडी, गोलावलेले कोपरे आणि दाराचा मिटताना येणारा भरदार आवाज. त्याआधीच्या विलायती लोखंडी पलंगांना डोक्याशी आणि पायाशी वेलांट्यांच्या जाळ्या, वर पितळी गोळे असत. बागेतल्या बाकांचे पाय बिडाचे, त्यावर द्राक्षवेली आणि सिंहाचे पंजे. त्या पायांवरच्या लाकडी पट्ट्या कुजल्या की बदलायच्या, पाय तेच. एकाच वस्तूत टिकाऊ आणि बदलता भाग वेगळे ठेवण्याची ही शहाणी रचना आता फार कमी दिसते.

आता धातूकडे वळू, कारण सगळं कोडं तिथेच उलगडतं. लोखंड म्हणून आपण ज्याला हाक मारतो ते एक नाही.

बिडाचा तवा कोकणात घरोघर आहे. त्यावर घावन सुंदर सुटतं, पण तो हातातून फरशीवर पडला तर दुभंगतो. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते वितळून साच्यात छान पसरतं, बारीक पानाफुलांचे कंगोरे नेमके उठतात, पण ठोकून वळवता येत नाही. लाकडाचा नमुना कोरायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा, रस ओतायचा. नमुना एकदा झाला की शेकडो प्रती निघतात. कॅटलॉगचा धंदा यावरच उभा राहिला. भार पेलायला बीड उत्तम, म्हणून त्याचे खांब झाले. ताण आणि धक्का त्याला सोसत नाही.

घडीव लोखंडाची जात उलट. कार्बन ०.१ टक्क्याच्याही खाली आणि अंगात मळीचे बारीक तंतू. तापवून नारिंगी झालं की ते लोहाराच्या मर्जीनं वळतं. टोक ठोकून निमुळतं करायचं, वळवून वेलांटी करायची, दोन वेलांट्या शेजारी ठेवून त्यांना तापलेल्या पट्टीचं कडं घालायचं. थंड होताना ते कडं आकसून घट्ट बसतं. किंवा एका गजाला भोक पाडून दुसरा त्यातून काढायचा आणि टोक ठोकून बसवायचं. अगदी पांढऱ्या उष्णतेला दोन टोकं घणाखाली एकजीव करता येतात. जुन्या घडीव कामात सांधा लपवलेला नसतो. कडं, खिळा, आरपार गेलेला गज हीच त्याची नक्षी. मळीचे तंतू आणि धातूची जडणघडण यांमुळे ते गंजालाही बऱ्यापैकी तोंड देतं. कर्नाटकात पश्चिम घाटातल्या कोडचाद्रीच्या डोंगरावर, धो-धो पावसात उभा असलेला जुना लोखंडी स्तंभ याची साक्ष देतो. दिल्लीचा सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ तर प्रसिद्धच आहे. त्या लोखंडातल्या फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर जमलेला पातळ थर त्याचं रक्षण करतो, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी सविस्तर मांडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पोलाद स्वस्त झालं आणि घडीव लोखंडाचं उत्पादन हळूहळू थांबलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते व्यापारी प्रमाणावर जगातून जवळपास संपलं. आज बाजारात ‘रॉट आयर्न’ म्हणून जो सोफा, झोपाळा किंवा गेट मिळतं ते माइल्ड स्टीलचं, कारागिरांच्या भाषेत एम.एस.चं असतं. ते मजबूत आहे, स्वस्त आहे, सहज जोडता येतं. पण तिन्हीत लवकर गंजणारं तेच. जुन्या नक्षीचा आकार आपण उचलला आणि धातू मात्र दुसरा घेतला, रत्नागिरीच्या गेटांची अडचण इथून सुरू होते.

पुढची अडचण जोडणीची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत किंवा कुठल्याही नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम असं चालतं: चौकोनी पाइपची चौकट, मध्ये सळ्या किंवा पट्ट्या, पट्टी साच्यात वळवून केलेल्या वेलांट्या आणि बाजारातून आणलेली तयार फुलं, पानं, भाले. फूल सळीवर ठेवायचं, दोन टाके मारायचे, ग्राइंडर फिरवायचा, रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट. कारागीर मेहनती असतो, हात साफ असतो. पण दोन टाक्यांच्या मधे, फूल आणि सळी यांच्यात, नखाइतकीही नसलेली फट राहते. पाणी अशा फटीत आपोआप ओढलं जातं आणि तिथून सुकत नाही. ब्रश तिथे पोहोचत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर मळी राहिली असेल तर रंग तिथे धरत नाही. वेलांटी चौकटीला जिथे चिकटते तिथे पाचरीसारखा अरुंद कोपरा होतो, त्यातही तेच.

त्यात मीठ. गंज चढायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू पुरतात, पण मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडतं आणि मीठ स्वतः हवेतली ओल शोषून घेतं. म्हणून पाऊस नसतानाही, नुसत्या दमट हवेत गंज चालूच राहतो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. फटीत जमलेला गंज फुगून टाकेसुद्धा तोडतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटेल: हा पाऊस उघड्यावरच्या लोखंडाला थोडी मदतच करतो, कारण तो मीठ धुऊन नेतो. पागोळीच्या आत, सज्जाच्या खाली, जिथे पाऊस लागत नाही पण वारा लागतो, तिथलं ग्रिल अनेकदा आधी जातं.

पाइपची गोष्ट आणखी दगाबाज. टोक उघडं असेल तर ओल आत शिरते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस गेटाचा खालचा आडवा पाइप बोटानं दाबला तरी आत जातो. भरीव सळीला हा धोका नसतो.

यावर उपाय आहेत, आणि ते श्रीमंतांपुरते नाहीत. पहिला उपाय नक्षी काढतानाच करायचा असतो. फूल हवंच असेल तर ते सळीला सगळीकडून पूर्ण वेल्ड करून फट बुजवावी, नाहीतर ते सळीपासून एवढं दूर ठेवावं की ब्रश मागून फिरेल. गजांची वरची टोकं सपाट न ठेवता निमुळती किंवा घुमटासारखी करावी, पाणी निथळतं. पाइप वापरला तर टोकं बंद करावी. कापलेल्या पत्र्याच्या धारदार कडांवर रंग पातळ बसतो. त्या कडा आधी घासून गोल कराव्यात. हल्ली लेझरनं कापलेले मोर, स्वस्तिक, गणपती, नारळाची झाडं असलेल्या पत्र्यांची गेटं रत्नागिरीत दिसू लागली आहेत. त्यांत सांधे कमी, ही जमेची बाजू. पण कडा शेकडो, आणि गंज प्रत्येक कडेपासून सुरू होऊ शकतो.

दुसरा उपाय जस्ताचा. पूर्ण तयार झालेलं गेट सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलं की जस्त फटींतही शिरतं आणि लोखंडाशी एकरूप होतं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. रंगाला हे जमत नाही. यासाठी पाइपला आधीच भोकं ठेवावी लागतात. बंद पाइपात हवा किंवा ओल अडकली तर तो त्या कुंडात फुटू शकतो. घरमालक बहुधा आधी गेट बनवून घेतो आणि मग जस्ताची चौकशी करतो. क्रम उलटा हवा. नुसतं पावडर कोटिंग दिसायला तलम असतं, पण समुद्राकाठी त्याला एक टोचा पडला की गंज त्याखालून सरकत जातो आणि अख्खा पापुद्रा सुटतो.

काहीजण कंटाळून स्टेनलेस स्टीलकडे वळतात. तिथेही जात पाहावी लागते. नेहमी मिळणाऱ्या ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ती जास्त टिकते आणि महागही असते. पण स्टेनलेसच्या चकचकीत नळ्यांच्या गेटाला वेलांटीची, ठोकलेल्या टोकाची, हाताच्या खुणेची ऊब येत नाही. कारागिराचा हात दिसेल असं गेट हवं असणाऱ्यानं एम.एस.च घ्यावं, भरीव घ्यावं, थोडी कमी फुलं घ्यावीत आणि वाचलेला पैसा जस्ताला घालावा.

देखभालीला पर्याय मात्र कुठल्याच धातूला नाही. १८८९ मध्ये उभा राहिलेला आयफेल टॉवर सुमारे ७३०० टन घडीव लोखंडाचा आहे. तो वीस वर्षांत उतरवायचं ठरलं होतं; आज तो उभा आहे याचं एक मोठं कारण म्हणजे साधारण दर सात वर्षांनी त्याला पुन्हा रंग दिला जातो, प्रत्येक वेळी सुमारे ६० टन. इकडे मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये खुलं झालेलं, नीट संवर्धन होऊन त्याच्या लोखंडी खांब-कठड्यांसह पुन्हा झळाळलं आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याच २००५ मध्ये वॉटसन हॉटेलच्या, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणवल्या जाणाऱ्या, इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळला. दोन्ही वास्तू एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या आणि एकाच खाऱ्या हवेतल्या.

रत्नागिरीकर गेटाला रंग देतो तो बहुधा गणपतीच्या आधी. घर सजवायचं, चाकरमानी यायचे, म्हणून श्रावण-भाद्रपदात ब्रश हातात येतो. उत्साह समजण्यासारखा आहे, पण त्या दिवसांत लोखंडाचा पृष्ठभाग कधीच पुरता कोरडा नसतो आणि ओलीवर दिलेला रंग पुढच्या वर्षी फुगतो. लोखंडासाठी योग्य वेळ दिवाळीनंतरची. चार महिन्यांच्या पावसानं मीठ धुतलेलं असतं, हवेतली ओल उतरलेली असते, ऊन कोवळं असतं. आधी गेट गोड्या पाण्यानं धुऊन, पागोळीखालची बाजू हातानं पुसून, दोन दिवस वाळू द्यावं. गंज तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं चकाकीपर्यंत काढावा. गंजावरून रंग ओढला तर आतलं काम चालूच राहतं. त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमरचा हात द्यावा, कारण उघडं पडलेलं लोखंड रात्रीच्या दवातच पुन्हा तांबूस होतं. मग रंगाचे दोन हात, दोघांच्या मधे पुरेसा वेळ. नक्षीच्या कोपऱ्यांना आधी बारीक ब्रशनं रंग भरून घ्यावा आणि मोठ्या सरळ भागांकडे नंतर वळावं. बहुतेक रंगारी याच्या बरोबर उलट करतात. शेवटी गेटाच्या खालच्या पाइपकडे वाकून पाहावं. पाण्याला बाहेर पडायला भोक नसेल तर ड्रिल मशिननं सगळ्यात खालच्या बाजूला एक पाडून घ्यावं आणि त्याच्या कडेलाही प्रायमर लावावा.